साडूंचा क्लच

ट्रकचा बिघाड नेहमी एकाच भागात असावा, असं आमच्या साडूंचं धोरण आहे. एक भाग, एक बिल. त्यामुळे चाकणच्या कोंडीत त्यांच्या जुन्या ट्रकचा पहिला गिअर 'कर्र' करून ओरडायला लागला, तेव्हा त्यांनी निकाल देऊन टाकला : क्लच प्लेट गेली. ड्रायव्हरमामांनी मान डोलावली. पंक्चरवाल्यानेही दुजोरा दिला. पुण्यात मत द्यायला विषयाशी संबंध लागतो, असं कुणी सांगितलं?

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतले मिस्त्री मात्र मतदान मोजणारे नव्हते. चाकांना दगड लावून ते गाडीखाली सरकले आणि तिथूनच ओरडले, "कोणीतरी पेडल दाबा!" हेल्पर चहा आणायला गेलेला, साडूंचा गुडघा दुखरा, मामा तंबाखू मळत होते. केबिनमध्ये मी चढलो. स्कूटरचा क्लच चार बोटांनी दाबण्यात माझी उमेद गेली. इथे सीटवरून अर्धवट उठून त्या पेडलवर जवळजवळ उभं राहावं लागलं. चाकण ते मोशी मामांचा डावा पाय दिवसभर हेच करतो. त्यांच्या तंबाखूबद्दलची माझी मतं तिथल्या तिथे सौम्य झाली.

"दाबा. सोडा. अहो, हळू सोडा, माझं बोट आहे इथं!"

हल्लीच्या मोठ्या गाड्यांत क्लचच्या मदतीला तेल असतं, हवा असते. या ट्रकमध्ये पायापासून क्लचपर्यंत नुसत्या सळ्या, लिव्हर आणि पिना. मिस्त्री एकेका सांध्यावर बोट ठेवून बघत होते, की पेडल हलल्यावर कोण लगेच उठतो. लगेच कोणीच उठत नव्हतं. सोसायटीत पाणी आलं नाही की तक्रार चेअरमनकडून सेक्रेटरीकडे, तिथून वॉचमनकडे जाते आणि जो तो तिच्यातली थोडी स्वतःजवळ ठेवून घेतो. प्लंबरपर्यंत पोचते ती नुसती कुजबुज. इथेही माझ्या पायाचा जोर प्रत्येक पिन थोडाथोडा खात होती. क्लचपर्यंत जे पोचत होतं, त्यात प्लेट पुरती सुटत नव्हती.

पिना बाहेर आल्या तेव्हा सगळ्या कमरेत बारीक झालेल्या, आणि त्यांची गोल भोकं लांबट. "प्लेटला कशाला शिव्या देता?" मिस्त्री म्हणाले.

साडूंनी लगेच स्वस्तातली वाट काढली : "मग सळीचा आटा दोन फेरे आवळा की." मामा महिनोन्‌महिने तेच करत आले होते. पण रिलीज बेअरिंग आणि क्लचची फिंगर यांच्यात तीनेक मिलिमीटरची मोकळीक लागते. पेडलपाशी तीच इंच-सव्वा इंच दिसते. ती संपली की बेअरिंग फिंगरला टेकून सतत फिरत राहतं, प्लेट घसरते आणि जळका वास सुटतो. आता पेडल मोकळं हलतंय ते या मोकळिकीमुळे की झिजलेल्या पिनांमुळे, हे पायाला कसं कळावं? म्हणून आधी सांधे, मग आटा.

यात गंमत आहे, पण घाटापर्यंतच. कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना वर्तमानपत्रांमुळे पाठ झाला आहे. तिथे काहीजण डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. क्लच सुटत नसलेल्याला ते न मागता मिळतं : वरचा गिअर निघाला, खालचा पडला नाही, की इंजिनाचा आवर गेला आणि सगळा भार ब्रेकवर. मिस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा साडूंनी पहिल्यांदाच भाव विचारला नाही.

दोन मिनिटांनी विचारला. पिना नाना पेठेतून आल्या. गनमेटलचे बुश लेथवाल्याकडून कातून घ्यायचे, तर नेमका गुरुवार, औद्योगिक वसाहतीची सुट्टी. ट्रक मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी बुश ठोकले, ग्रीस भरलं, नव्या स्प्लिट पिना वळवल्या आणि शेवटी मिस्त्रींनी सळीचा आटा फिरवून चेकनट आवळला. मी पुन्हा पेडलवर. तोवर ते पद माझं कायम झालं होतं. पहिला गिअर निमूट पडला, रिव्हर्सही पडला. मामांनी मात्र तोंड वाकडं केलं. आवाज आल्याशिवाय गिअर पडल्याची त्यांना खात्री वाटेना.

साडू कुठे दिसेनात म्हणून खाली वाकून पाहिलं. ते उकिडवे बसून जुन्या पिना कापडाने पुसत होते आणि त्यातल्या त्यात कमी झिजलेल्या निवडून पिशवीत टाकत होते.

"ही बघा," मला एक दाखवत ते म्हणाले, "हिला काय झालंय?"