प्लिमथ ते बर्नली, व्हाया संडास

कोल्हापूरच्या माणसाला परगावची फुटबॉल मॅच ही भानगडच ठाऊक नसते. पाटाकडील असो, खंडोबा असो की दिलबहार, सगळ्या टीमांचं मैदान एकच: शाहू स्टेडियम. पायात चपला अडकवायच्या, घसा फोडून यायचं आणि घरी तांबडा-पांढरा ओरपायचा. नोकरीनं मला इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, प्लिमथला नेऊन टाकलं आणि तिथं मी गावच्या टीमच्या नादी लागलो. प्लिमथ आरगाइल ही टीम तिच्या आख्ख्या इतिहासात एकदाही सर्वोच्च श्रेणीत पोचलेली नाही. शिवाय प्लिमथहून सगळंच लांब.

2024च्या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सामना होता बर्नलीशी, त्यांच्या टर्फ मूरवर. बर्नली नुकतीच प्रीमियर लीगमधून घसरलेली आणि पुन्हा वर चढायला टपलेली. आमचा कोच साक्षात वेन रूनी, पण तो काही मैदानात उतरणार नव्हता. अंतर जवळजवळ तीनशे मैल. रजेच्या अर्जावर मी 'वैयक्तिक कारण' लिहिलं. 'हार बघायला जातोय' असं लिहिण्याची पद्धत नाही.

मॅचला जाणाऱ्या बसमध्ये दारू प्यायला 1985च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणून सगळे थर्मासमधला चहा पितात, आणि चहा आपलं काम करतोच. बर्मिंगहॅमच्या अलीकडे मी बसच्या संडासात शिरलो. तो माझ्या देहाचं माप घेऊन बांधलेला नव्हता. (शाळेच्या टीममध्ये सरांनी मला गोलकीपर केलं ते निव्वळ रुंदीकडे बघून.) बाहेर पडायला गेलो तर कडी अडकलेली. जोर लावला, तर मूठच हातात आली.

मोटरवेवर गाडी थांबवता येत नाही, पुढच्या सर्व्हिसेसवर बघू, असा ड्रायव्हरचा निरोप आला. पुढे ट्रॅफिक तुंबलेला. मी कमोडचं झाकण लावून बसलो, हातात मूठ घेऊन, गदाधारी मारुतीसारखा.

एवढ्यात एक म्हातारबा दाराशी येऊन बसले. आमच्या डेव्हनकडची जुनी माणसं कुणालाही 'माय लव्हर' म्हणतात, अगदी पोस्टमनलासुद्धा. "घाबरू नकोस, माय लव्हर, मी आहे इथं!" असं ते दाराला तोंड लावून ओरडले आणि सगळ्या बसनं शिट्ट्या मारल्या.

बर्मिंगहॅमची पाटी दिसताच म्हातारबांना तिथलं व्हिला पार्कचं मैदान आठवलं. 1984 साली तिसऱ्या श्रेणीतली प्लिमथ एफए कपच्या उपांत्य फेरीत पोचली होती. मॅच याच मैदानावर, समोर वॉटफर्ड. ती मॅच त्यांनी मला दाराआडून सांगितली, एकही कॉर्नर न गाळता. मी अंग चोरून ऐकत होतो आणि प्लिमथ जिंकेल अशी मला खरंच आशा वाटायला लागली होती. 1-0नं हरलो. "वडलांना घेऊन गेलो होतो," ते म्हणाले. मग बाहेरून आवाजच येईना.

माझ्या पोटात धस्स झालं. तोंडून निघालं ते थेट कोल्हापुरी: "आजोबा, हायसा न्हवं?"

"इथंच आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

सर्व्हिसेसवर ड्रायव्हरनं स्क्रूड्रायव्हरनं दार उचकटलं. बसनं माझं जे स्वागत केलं, तसं त्या मोसमात आमच्या स्ट्रायकरांच्याही वाट्याला क्वचितच आलं.

टर्फ मूरच्या शेजारीच क्रिकेटचं मैदान आहे. तिथून काही मैलांवर हासलिंग्डन. मुंबईकडून रणजी खेळलेले विनू मंकड तिथल्या क्लबात पगारी खेळाडू होते. 1952मध्ये तिथून सुटका करून त्यांना लॉर्ड्स कसोटीला नेलं. त्यांनी 72 आणि 184 धावा काढल्या, इंग्लंडचे पाच गडी टिपले आणि तरीही भारत हरला. हे मी म्हातारबांना सांगितलं. "म्हणजे तू आमच्यातलाच," ते म्हणाले.

मॅच? हरलो. तरी शेवटची शिट्टी वाजल्यावर आम्ही टाळ्या वाजवत राहिलो. घरी पहाटे पोचलो, नऊला ऑफिस.

मोसमाअखेर बर्नली 100 गुण घेऊन वर गेली. 46 सामन्यांत तिनं फक्त 16 गोल खाल्ले. प्लिमथ खालच्या श्रेणीत घसरली. बस अजून निघतात. कुणाला यायचं असेल तर खुशाल या, चहा मात्र बेतानं घ्या.