पनीर बरं होतं

कंपन्यांतल्या मोठ्या साहेबांना शिकवणं हा माझा व्यवसाय. तक्रार करावी असं त्यात फारसं काही नाही, पण आता विषय निघालाच आहे म्हणून लिहितो.

आधी एचआरच्या मॅडमचा फोन येतो. "सर, लीडरशिपचा दोन दिवसांचा प्रोग्राम आहे, पण साहेब म्हणतात एका दिवसात बसवा." मी बसवतो. आठवड्याने कळतं की एक दिवस म्हणजे जेवणानंतरचा, कारण सकाळी रिव्ह्यू आहे. 1956 साली हैदराबादला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज निघालं, इंग्लंडातल्या हेन्लेच्या कॉलेजच्या धर्तीवर. तिथे अधिकारी कित्येक आठवडे मुक्कामाला येऊन शिकायचे. आमचा मुक्काम लोणावळ्याच्या रिसॉर्टवर, एका रात्रीचा. त्या रात्री जे काही शिकलं जातं त्याचं मानधन मला मिळत नाही.

'ऐकण्याचं कौशल्य' शिकवत असताना एक महाशय दारात उभे राहून फोनवर कोणालातरी "तू आधी माझं ऐक" असं दरडावत होते. उदाहरण आयतं समोर आलं होतं, पण वापरता येईना. ते सेल्स हेड होते.

मॅस्लोचा गरजांचा त्रिकोण दाखवल्याशिवाय कोणाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. एकदा मी सांगितलं की मॅस्लोच्या 1943 च्या लेखात त्रिकोण नाहीच, तो नंतर इतरांनी काढला. संध्याकाळी एका फीडबॅक फॉर्मवर शेरा होता: "ट्रेनरचा मॅस्लो कच्चा आहे."

या फॉर्मवरच आमचं करिअर उभं आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर परतल्यावर वागणं बदललं का, आणि धंद्याला उपयोग झाला का. आपल्याकडे पहिल्या पायरीवरच गाडी बाहेर हॉर्न वाजवायला लागते. एक्स्प्रेसवेला ट्रॅफिक लागायच्या आत निघायचं असल्याने मंडळी गुडघ्यावर फॉर्म ठेवून सगळीकडे चारवर टिक करतात. पाच द्यायचे नाहीत, माणूस शेफारतो. 'सुधारणा सुचवा' या रकान्यात एसी कमी करा, पार्किंग लांब आहे, पनीर बरं होतं. या सगळ्याची सरासरी काढून एचआर मला कळवतं की यंदा माझी कामगिरी थोडी घसरली आहे. पनीर बदललं होतं, हे मी कळवलं नाही.

मग बिल. सरकारदरबारी मी 'सूक्ष्म उद्योग' आहे, आणि 2006 च्या कायद्याप्रमाणे माझे पैसे फार तर 45 दिवसांत मिळायला हवेत. 18 टक्के जीएसटी मी आधीच पदरचा भरलेला असतो. 10 टक्के टीडीएस कापायला कंपनी विसरत नाही. उरलेलं 'साहेबांच्या मंजुरीसाठी' थांबतं. परवा चौकशी केली तर कळलं, साहेब ट्रेनिंगला गेलेत. विषय, वेळेवर निर्णय घेणं. शिकवणारा माझ्या ओळखीचाच आहे. त्याचं मागचं बिलही याच साहेबांकडे आहे.