‘आपल्याला लागतो का हो?’

‘साहेब, हा हवेचा कायदा आपल्याला लागतो का हो?’ नवा गाळा घेतलेला छोटा उद्योजक सल्लागाराला हे विचारतो, तेव्हा त्याला ‘नाही’ ऐकायचं असतं. काही सल्लागार ते ऐकवतातही.

१९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याला सुरुवातीला उद्योगांची अनुसूची होती. तिच्यात नाव असेल तरच प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागे. १९८७ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. उद्योगासाठी किंवा व्यापारासाठी वापरलेलं आणि हवेत प्रदूषक सोडणारं कुठलंही संयंत्र आता कायद्याच्या कक्षेत येतं. कामगार किती, जागा किती, याचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही. आणि अख्खा महाराष्ट्र हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून कधीच जाहीर झालाय.

‘आम्ही ग्रीनमध्ये आहोत, आम्हाला काही नको’ हेही सर्रास ऐकू येतं. साफ चूक. लाल, नारिंगी, हिरवा हे उद्योगांच्या प्रदूषणानुसार पाडलेल्या गटांचे रंग जाच किती ते ठरवतात. संमती तिघांनाही लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये संमतीतून सूट मिळाली ती पांढऱ्या गटाला, म्हणजे प्रदूषण निर्देशांक २० पर्यंत असलेल्यांना.

खरा घोळ पुढे आहे. मुंबईची बेकरी घ्या. २०१६ च्या वर्गवारीत दिवसाला एक टनाहून जास्त माल काढणारी भट्टीवाली बेकरी नारिंगी होती. एक टनाच्या आतली, गॅस किंवा विजेच्या ओव्हनची, हिरवी. मग एक टनाच्या आतली, पण लाकूड जाळणारी? गल्लीबोळातली पावाची भट्टी नेमकी हीच, आणि तिला या दोन ओळींत धड जागा नव्हती! तिथे जुन्या फर्निचरचं रंग-पॉलिश लागलेलं भंगार लाकूड जळतं, आणि धुरांडं शेजारच्या चाळीच्या खिडकीशी उघडतं. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. जे वर्गवारीतच स्पष्ट हवं होतं, ते न्यायालयाला सांगावं लागलं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. मंडळाने आधी भट्टीत काय जळतंय ते पाहावं, धूर कुणाच्या घरात जातो ते पाहावं, टनांचा हिशेब त्यानंतर. बेकरीवाल्यांवर नुसत्या नोटिसा बजावून भागणार नाही; पाइपचा गॅस त्या गल्लीपर्यंत नेणं आणि भट्टी बदलायला स्वस्त कर्ज देणं हेही सरकारचंच काम आहे. पाव महागला तर त्याची झळ गरिबाच्या ताटाला बसते, आणि भट्टीपुढे रात्रपाळी करणारा कामगार त्या धुराचा पहिला घोट घेतो. दोघांचाही विचार एकाच फायलीत व्हायला हवा.