टरफलांना बर्फ कोण देणार?

मुंबईच्या ससून डॉकवर कोळंबी सोलायला बसलेल्या बायकांचे हात बघा. अंगठ्याने मुंडकं मोडायचं, पाठीवरचं टरफल एका हिसक्यात काढायचं, की पुढची कोळंबी. सोललेला माल बर्फात जातो. मुंडकी-टरफलं मात्र बाजूच्या ढिगात कुजत पडतात. माझं भांडण या ढिगाशी आहे.

ढीग लहानही नाही. 2023-24 मध्ये भारताने सुमारे 7.16 लाख टन गोठवलेली कोळंबी निर्यात केली, आणि अख्ख्या कोळंबीच्या वजनात मुंडकं-टरफलांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो.

या टरफलात कायटिन असतं. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टरफल फसफसतं, त्यातला चुना विरघळतो. पातळ कॉस्टिक सोड्यात प्रथिनं सुटतात. उरतो तो फिकट, कागदासारखा पापुद्रा म्हणजे कायटिन. तोच तीव्र कॉस्टिकमध्ये तापवला की कायटोसॅन होतं. त्याच्यावर धनभार असतो, रक्तपेशी त्याला चिकटतात. म्हणून अमेरिकी सैन्याने इराक-अफगाणिस्तानात रक्तस्राव थांबवायला कायटोसॅनच्या पट्ट्या वापरल्या. गढूळ पाणी निवळायलाही ते चालतं.

यातलं काहीच नवं नाही. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था या विषयावर कित्येक दशकं काम करते आहे. तेव्हा ‘संशोधन व्हायला हवं’ हे पालुपद पुरे झालं. घोडं अडलंय ते सोलणीच्या शेडमधल्या घमेल्यापाशी. मुंडक्यातली पाचकद्रव्यं आणि जिवाणू उकाड्यात काही तासांत माल नासवतात. त्यात जाळ्याचे तुकडे, वाळू, प्लास्टिक मिसळलं, की कारखानदार हात लावत नाही, आणि त्याचं चुकत नाही.

चूक होते ती पुढे. आम्ल-कॉस्टिकचं पाणी तसंच नाल्यात सोडलं, तर घाण फक्त एका जागेवरून दुसरीकडे नेली. ते पाणी उदासीन करा, त्यातली प्रथिनं पशुखाद्यासाठी काढा. लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंनी टरफलं आंबवली तर रसायनंही कमी लागतात. सांडपाण्यावरचा हा खर्च टाळणाऱ्याला परवानाच देऊ नका.

मोठ्या प्रकल्पांच्या घोषणा थोड्या थांबू द्या. आधी प्रत्येक शेडमध्ये टरफलांसाठी झाकणाचे वेगळे क्रेट आणि बर्फ द्या. सोलणाऱ्या बाईला कोळंबीच्या मजुरीखेरीज स्वच्छ टरफलांचा किलोमागे भाव द्या, आणि तो रोजच्या रोज, तिच्या हातात.