उघडं खातं

आमच्या भंडाऱ्याकडच्या कोंढा गावच्या पोट्ट्याला अमेरिकेत शिकायला जायचं असेल, तर व्हिसाच्या अर्जाबरोबर त्यानं समाजमाध्यमांवरची आपली खातीही सगळ्यांसाठी उघडी करायची, असं तिकडच्या सरकारनं जून 2025 मध्ये जाहीर केलं. आम्हाला यात काही नवल वाटलं नाही. इथं पानठेल्यावर कुणाचं खातं कधी बंद होतं? कुणाला किती धान झालं, कुणाची बांधी गहाण पडली, कुणाच्या पोरीला पाहून पाहुणे काय बोलून गेले, सगळं जगजाहीर. वॉशिंग्टनला हे उशिरा सुचलं, एवढंच.

2023-24 साली अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते, चीनपेक्षाही जास्त. आणि त्याच देशाच्या कॉलेजांत परभाषा शिकणाऱ्यांची संख्या 2016 ते 2021 या काळात 16 टक्क्यांहून अधिक घसरली. म्हणजे दुसऱ्याची भाषा शिकायचं काम आमच्याकडे, अन् वर फी भरायचंही आमच्याकडेच. याला म्हणायचं आंतरराष्ट्रीय शिक्षण.

अर्थात आम्हीही काही कमी नाही बाप्पा. 1913 साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 1952 मध्ये त्या विद्यापीठानं त्यांना बोलावून मानाची डॉक्टरेट दिली. 1954 मध्ये ते आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले.

आम्ही त्यांना पाडलं.