गुरांच्या टाकीतून नदीविहार

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सुमारे 50 हजार चौरस किलोमीटर वाळू पसरलेली आहे आणि तिच्यावर गवत उगवलेलं आहे. या मुलखाला सँडहिल्स म्हणतात. काही टेकड्या शंभर मीटरहून उंच, पण सगळ्या एकाच वळणाच्या. दहावी पाहून झाली की अकरावीबद्दलचं कुतूहल ओसरतं. इथे सहलीला निघालेल्याने एक गोष्ट आधीच मान्य करावी, असं माझं म्हणणं आहे: हा प्रदेश गुरांचा आहे, आणि इथे मौज करायची तर गुरांचंच सामान उसनं घ्यावं. मिडल लूप नदीवर याचा पुरावा तरंगताना दिसतो. गुरांना पाणी पाजायची पत्र्याची गोल टाकी घ्यायची, आत बाक टाकायचे, माणसं बसवायची आणि ती नदीत सोडून द्यायची. या प्रकाराला तिथे टँकिंग म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे पुराच्या वेळी गुऱ्हाळाच्या काहिलीतून माणसं पैलतीरी नेतात, त्याचाच हा सुखवस्तू अवतार. तिथे जीव वाचवायला बसतात, इथे पैसे भरून.

यावर कयाकवाले म्हणतील की नदीत जायचं तर नीट होडी घ्या. होडीला टोक असतं, म्हणून दिशा असते. टाकी गोल, त्यामुळे ती पुढे जाते कमी आणि स्वतःभोवती फिरते जास्त. आक्षेप खरा आहे, पण नदी कोणती हेही पाहायला हवं. सँडहिल्समधलं पावसाचं पाणी वाहून जात नाही, वाळूत मुरतं आणि खालच्या भूजलातून झऱ्यांनी नदीत उतरतं. त्यामुळे उन्हाळा असो की हिवाळा, प्रवाह जवळजवळ सारखाच. पात्र उथळ, तळाशी वाळू. अशा नदीवर वल्ह्याचं कौशल्य दाखवणं म्हणजे निजलेल्या माणसाशी वाद घालणं. शिवाय टाकी फिरत असल्याने प्रत्येकाला दोन्ही काठ आळीपाळीने दिसतात, चांगल्या जागेसाठी भांडण होत नाही. कुटुंबासह प्रवास करणाऱ्यांनी या मुद्द्याचं वजन जरूर ओळखावं.

माणसाने इथे स्वतःच्या अकलेने काय केलं, तेही पाहू. चार्ल्स बेसी या वनस्पतिशास्त्रज्ञाला वाटलं, इथे झाडं हवीत. 1902 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जमीन राखून ठेवली, हॅल्सी गावाजवळ रोपवाटिका निघाली आणि गवताच्या समुद्रात हजारो एकरांवर हाताने जंगल लावण्यात आलं. पुढे 1965 च्या आणि 2022 च्या वणव्यांनी त्याचा मोठा भाग नेला. उरलेल्यांपैकी रेड सीडर इतकं फोफावलं, की आता गुरं पाळणारे ते कुरणातून उपटत बसतात. गवत मात्र कुणी न लावता वाळू धरून उभं आहे. आता कुणी म्हणेल, तंबू ठोकायला सावली तर त्याच जंगलाची मिळते! मिळते, आणि ती घ्यावीही. जुलैमधल्या नेब्रास्काच्या उन्हात तत्त्वनिष्ठा परवडत नाही.

सगळ्यात दांडगा आक्षेप असा, की एवढ्या लांब जाऊन पाहायचं काय? हॅल्सीची वस्ती शंभराच्याही आत. पण पाहण्यासारखं आहे: वसंतात पहाटे प्रेअरी चिकनचे नर गवतात जमून, गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून नाचतात, आणि माद्या बहुधा दुसरीकडेच बघत असतात. याहून विलक्षण प्रकार घड्याळाचा. पश्चिमेकडचा हूकर परगणा माउंटन वेळेवर चालतो, त्याला लागून असलेला थॉमस परगणा सेंट्रल वेळेवर, आणि नदी पहिल्यातून दुसऱ्यात वाहते. म्हणजे टाकीत बसून, हातपायही न हलवता, माणूस मध्येच कुठेतरी एक तास गमावतो. गुरांची यातही काही गैरसोय होत नाही. टाकीला प्रवाहाविरुद्ध नेता येत नाही, म्हणून खाली उतरल्यावर तिला ट्रेलरवर घालून रस्त्याने परत न्यावं लागतं. माणसांनाही गाडीत कोंबून त्याच रस्त्याने नेतात, आणि कुंपणापलीकडची गुरं चरता चरता मान वर करून या गाडीत कुणाला भरलंय ते बघतात.