फॉरमॅट नावाचा रामबाण

रायपुरात संगणक निळा पडदा दाखवून मध्येच बंद पडू लागला की निदान ठरलेलं असतं. मे महिन्यात ऊन, पावसाळ्यात दमट हवा, एरवी व्होल्टेज. तात्यापारातल्या मराठी घरातही दुरुस्तीवाला हेच सांगतो आणि पुढचं वाक्य टाकतो, "भैया, फॉर्मेट मारना पड़ेगा." मग मुंजीचे फोटो, आजोबांनी जुळवलेली वंशावळ, सगळं स्वाहा. आठ दिवसांनी निळा पडदा पुन्हा हजर, कारण आपल्या नेहमीच्या पेनड्राइव्हमधले तेच जुने ड्रायव्हर दुरुस्तीवाल्याने इमानेइतबारे परत भरलेले असतात.

आता, हे ड्रायव्हर गोंधळ कसा घालतात? दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवले की दोघांचे ड्रायव्हर एकाच फाइलीवर पहारा देऊ लागतात. ते चालतात कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात. तिथे एकाचा पाय घसरला की विंडोज सगळंच थांबवते. जाताना चिठ्ठीही ठेवते. मिनीडंप नावाच्या फोल्डरात, बऱ्याचदा संशयित ड्रायव्हरच्या नावासकट. पण ती वाचायची सवड कोणाला?

मोठ्यांचीही तीच कथा. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, 85 लाख संगणक आडवे केले. रक्षणासाठीच बसवलेलं होतं ते! इंडिगोने त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. त्याला कुठलाच ड्रायव्हर लागला नाही, बॉलपेन पुरलं.

तेव्हा फॉरमॅटला मान डोलावण्याआधी सेफ मोडमध्ये जा, एक अँटिव्हायरस काढा, शेवटचा बदललेला ड्रायव्हर मागे घ्या. आणि बॅकअप तेवढा आजच घ्या.